आत्याबाईंचा हात

बजाजनगर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आत्याबाई यांस,
संध्याचा सविनय जयभीम.

पाकिटावर 'लीलाबाई पुंडलिक दाभाडे' असं मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. पन्नाशीत प्रौढवर्गाला जाऊन अक्षरं शिकलेल्या बाईला पोस्टमननं नावानं हाक मारली की कसं वाटतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. फोन केला असता, पण घरातला फोन इंद्रजीत भावजींच्या खिशात असतो आणि ते तो स्पीकरवर टाकून अख्ख्या ओट्याला ऐकवतात. म्हणून हे पत्र एकटीनंच वाचा. कुणाला दाखवू नका.

आधी तुमच्या नातीचं सांगते. श्रेयाचा पाय आता छान आहे. गरम असतो, बोटं गुलाबी दिसतात. छातीची सोनोग्राफी झाली, पायाच्या रक्तवाहिन्यांचीही झाली. दोन्ही चांगल्या आल्या. हृदयाला भोक नाही, नस कुठं दबलेली नाही. डॉक्टर म्हणाले, घरी जा आणि लेकराला खेळू द्या. ती खेळतेच आहे. भिंत धरून चार पावलं टाकते आणि पाचव्याला बसते. मोरीतला पाट दिसला की 'आजी' म्हणते. आई म्हणायला तिनं अजून मनावर घेतलेलं नाही.

ह्यांची या आठवड्यात पहिली पाळी आहे. पहाटेच कंपनीच्या बसला जातात. मी माझ्या शाळेत, श्रेया पाळणाघरात. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि पाचवीच्या पोरांना मी हृदयाचं मॉडेल करायला लावलंय. लाल नळी, निळी नळी. एका पोरानं दोन्ही लालच लावल्या आणि वर मलाच म्हणाला, 'मॅडम, निळं रक्त मी तरी पाहिलं नाय.' मी त्याच्या नळ्या तशाच राहू दिल्या.

त्या दिवशी हे जे बोलले, ते रागात बोलले. तुम्ही ते मनात ठेवू नका. पोरीचा पाय जांभळा झालेला पाहून कुठल्या बापाचं डोकं ठिकाणावर राहील? मालिश जरा जोरात झाली असेल, असं डॉक्टरांनाही वाटलं. आता मला असंही वाटतं की मोज्याचं रबर घट्ट असेल. थंडीही होतीच. कशानं झालं ते आता कुणाला सांगता येणार आहे? झालं ते झालं.

तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरलीत, ते बरं नाही वाटलं. मी थांबा म्हणाले होते. मोठ्यानं म्हणाले नाही, हे खरं आहे.

भावजींच्या सुलेखाचे दिवस भरत आलेत. आता तुमचा सगळा वेळ तिच्यात जाईल. तुमच्या हातानं वस्तीवरची पन्नास-साठ लेकरं न्हाऊन निघाली असतील, आता घरचंच येतंय. तिला माझा जयभीम सांगा. श्रेयाच्या घोट्यावर एक बारीक वण राहिलाय, तोही जाईल. तुम्ही काळजी करू नका.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुमची सून,
संध्या


बजाजनगर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाई,
जयभीम.

मागच्या पत्रात बरंच काही लिहिलं होतं. त्यातलं श्रेयाचा पाय बरा आहे एवढंच खरं धरा.

परवा इंद्रजीत भावजी येऊन गेले. मुलगा झाल्याचे पेढे आणले आणि तुम्ही दिलेली पिशवीही. पिशवीत तुमच्या जुन्या लुगड्याचे शिवलेले मोजे होते, दोन जोड. मी ते उलटसुलट करून पाहिले. त्यांना ना नाडी, ना रबर. आत तुमची चिठ्ठी होती. तुमची अक्षरं कशी, प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहतं. 'पोरीच्या पायाला काय बांधू नको. राजूला सांगू नको.'

भावजी समोर बसले होते म्हणून मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. चहा उतू गेला.

चहा देताना सहज विचारावं तसं विचारलं, 'आत्याबाई बाळाला न्हाऊ घालतात ना?' भावजी कपात बघत बोलले. 'नाय वहिनी. सुलेखाच्या आईनं नको म्हणलं. श्रेयाचं तसं झालं ना, म्हणून. पलीकडच्या गावाहून चतुराबाईला बोलावलंय. आई पाणी तापवून देती अन् बाहेर जाऊन बसती. वस्तीवरच्या बायाबी आता तिला बोलवत नायत. तिला लई लागलंय, पण ती काय बोलती व्हय?'

आत्याबाई, ते तुमच्या हातानं झालं नाही. माझ्या हातानं झालं. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तरी मला ते लिहिलं पाहिजे. तुम्हाला माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली तेव्हाचं आठवतं ना? अंघोळ झाली की श्रेयाची नखं निळसर व्हायची, तळपाय गार पडायचे. तुम्ही म्हणायचात, 'थंडीत लेकराचं असंच व्हतं, पोटाशी घे, गरम व्हईल.' डॉक्टरही तेच म्हणाले. ओठ गुलाबी आहेत, जीभ गुलाबी आहे, दूध पिते, खेळते, लहान लेकरांचे हातपाय गार पडतातच. दोघांचं एकमत होतं आणि ते मला पटायला हवं होतं. पण माझा धाकटा भाऊ होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो रडला की निळा पडायचा. दोन वर्षांचा होऊन गेला. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि त्याची नखं मला अजून दिसतात. श्रेयाची नखं मी दिवसातून दहादा उजेडात धरून बघायचे. शाळेत मधल्या सुट्टीत मोबाईलवर तेच बघत बसायचे, आणि एक पाहिलं की मोबाईल आणखी चार दाखवायचा.

वरच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. त्या म्हणाल्या, नजर आहे. मी हसले. अमावास्येच्या सकाळी, एक डिसेंबरला, मी त्यांच्याकडं गेले तेव्हा मात्र हसत नव्हते. त्यांनी सात गाठी मारलेला काळा दोरा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या अमावास्येपर्यंत सोडायचा नाही, ढिलासुद्धा करायचा नाही. श्रेयाच्या डाव्या पायात तो मी बांधला. मीच. वरून मोजा चढवला, ह्यांना दिसू नये म्हणून.

कुठल्या घरात बांधला? मामंजींनी स्वतःच्या लेकरांना करदोडासुद्धा बांधू दिला नाही, त्या घरात. दर पौर्णिमेला विहारात बायकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेणारी मी. शाळेत पोरांना लिंबू-मिरचीवर धडा देणारी मी. सगळ्यांना शहाणपण शिकवलं आणि स्वतःच्या पोरीच्या पायाशी गुपचूप बसून गाठ मारली. बसल्या जागेवरून समोर बाबासाहेबांची तसबीर दिसत होती, म्हणून मी पाठ फिरवून बसले. हे कुणी पाहिलं नव्हतं.

दोरा तुम्ही पाहिलात. रोज तिला न्हाऊ घालणाऱ्या बाईला तो दिसणारच होता. तुम्ही ह्यांच्याकडं चुगली केली नाहीत, मला टोमणा मारला नाहीत. दोनदा फक्त म्हणालात, 'संध्या, ते जरा ढिलं कर बाई, लेकरू भरतंय.' पहिल्यांदा मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा, मला सांगायला लाज वाटते, मी म्हणाले, 'माझ्या लेकराचं मला कळतं.' त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही तो कापला का नाही, असा राग मी कित्येक दिवस मनात ठेवला. काय माणूस असतं बघा. तुमचं तोंड मी बंद केलं आणि तुम्ही बोलला नाहीत म्हणून रागही मीच धरला.

पाय निळा पडेल म्हणून दोरा बांधला आणि दोऱ्यानंच पाय निळा पडला. चोवीस डिसेंबरला शाळेतून आले, मोजा काढला, तर पाऊल सुजून जांभळं झालेलं आणि दोरा मांसात रुतलेला. तुम्ही दळण आणायला गेला होता. मी मोरीत बसून नखं कापायच्या कात्रीनं तो कापला. श्रेया किंचाळत होती. कापलेला दोरा पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि मगच ह्यांना फोन केला. आधी दोरा, मग फोन. हा क्रम मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांनी घोट्याभोवतीची खाच पाहिली आणि विचारलं, 'इथं काही बांधलं होतं का?' हे शेजारी उभे होते. मी म्हणाले, 'नाही. सासूबाई रोज मालिश करतात, त्यांचा हात जड आहे.' डॉक्टरांनी माझ्याकडं दोनदा पाहिलं. खरं सांगितलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. नाही सांगितलं म्हणून त्यांना सगळं तपासावं लागलं. गुंगीचं औषध पाजून श्रेयाला त्या टेबलावर झोपवलं. छातीवर तो गार चिकट पदार्थ लावला तशी ती झोपेतही दचकली. हे माझा हात धरून उभे होते आणि मला धीर देत होते. माझ्या काखेला पर्स होती.

घरी आल्यावर ह्यांनी तुम्हाला म्हटलं, 'आई, बस झालं. परत लेकराला हात लावू नको.' तुम्ही मेथी निवडत होता. एकदा माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही उठलात आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतलेत, कोपरापर्यंत. मेथीचे हात एवढे कोण धुतं? सकाळी तुमच्या रिक्षामागं मी फाटकापर्यंतही आले नाही.

परवापर्यंत मी स्वतःला समजावत होते की तुम्हाला काय, तुम्ही तुमच्या घरी आहात, महिना-दोन महिन्यांत सगळे विसरतील. पण तुम्ही तिथं पाणी तापवून बाहेर बसता. चार दिवसांच्या नातवाचं रडणं आतून ऐकू येतं आणि तुम्हाला आत जायचं नाही. हे मी केलं. आणि वर तुम्हीच मला लिहिता, राजूला सांगू नको.

सांगितलं. आज दुपारी जेवणं झाल्यावर हे पत्र इथपर्यंत लिहून झालं होतं, ते ह्यांना वाचून दाखवलं. पर्समधला दोराही पुढं ठेवला. मला वाटलं आरडाओरडा करतील. त्यांनी तो उचलला, बोटाभोवती गुंडाळला, बोट पांढरं पडेपर्यंत तसंच धरलं. मग म्हणाले, 'मी आईला काय बोललो.' तेव्हापासून गॅलरीत बसून आहेत, श्रेया मांडीवर आहे आणि तिचा डावा पाय त्यांच्या मुठीत आहे. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. ते माझं मी बघेन.

मागच्या वेळी लिहिलं होतं, एकटीनंच वाचा. या वेळी तसं करू नका. सुलेखाच्या आईला बोलवा, चतुराबाई येते तेव्हा तिलाही बसवा, वस्तीवरच्या बाया येतील तेवढ्या येऊ द्या, आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचा. तुम्ही थांबत थांबत वाचता, तसंच वाचा, घाई करू नका. कुणाचा विश्वास बसला नाही तर दोरा सोबत पाठवला आहे, तो दाखवा. पाय आजीच्या हातानं सुजला नाही, आईनं बांधलेल्या दोऱ्यानं सुजला. हे वाक्य दोनदा वाचा.

माझी लाज जाईल म्हणून मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळाल, मी तुम्हाला ओळखते.

पुढच्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीनं येतो आहोत, तिघंही. चोवीस डिसेंबरपासून श्रेयाच्या अंगाला तेल लागलेलं नाही. मी दोनदा लावायला घेतलं, पण घोट्यापाशी हात गेला की ती पाय ओढून घेते. माझ्या हाताला ती भिते, आत्याबाई. तुमच्या हाताला कधी भ्यायली नाही.

तुमच्या मनात असेल तर वाटीभर तेल कोमट करून ठेवा. नसेल तर ठेवू नका, मी विचारणार नाही.

खाली 'तुमची सून' लिहायला हात धजत नाही. नुसतीच,
संध्या