कारंज्याचं पाणी

वाघोली, पुणे
२० एप्रिल

तीर्थरूप आईस,
सुमेधाचा नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. घर हवेशीर आहे. पाण्याची तेवढी ओढाताण असते, पण काळजी करू नकोस.

मंगळवारी एका परदेशी कंपनीची माणसं आमची सोसायटी बघायला आली. त्यांचं ऑफिस पुण्यात आलं तर नोकरदार कुठे राहतील, ते बिल्डर दाखवत होता. आमचे नळ कोरडे, आणि आमच्यासाठी आलेला टँकर या माणसाने दारातल्या कारंज्यात ओतला. किळस आली मला. मी खाली गेले आणि सगळ्यांसमोर कारंज्यात बादली बुडवली.

बिल्डर दात आवळून म्हणाला, "मॅडम, पाहुणे आलेत."

"म्हणूनच मीही आले. एरवी हे चालू कुठे असतं?"

त्यांच्यातल्या एका बाईने, हे काय चाललंय, असं विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे पूजेला असं पाणी नेतात."

बाईने मला भक्तिभावाने हात जोडले. मी तोंड उघडेपर्यंत ती गाडीत बसलीसुद्धा.

कंपनी येणार म्हणे. शेजारी आणखी दोन इमारतींचा पाया खणलाय.

तू मात्र मे महिन्यात येऊ नकोस, दिवाळीला ये. आपल्या विहिरीला पाणी आहे ना? बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
सुमेधा