सहावी खेळाडू आणि व्हर्नाबाईंची कॉफी

हॅल्वर कॉलेज, मिनेसोटा
नोव्हेंबरातला मंगळवार

तीर्थस्वरूप आर्डिसमावशीस,

ऑरिनचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तो बदलायला सांगितलं तेव्हा तू त्यांना आधी स्वतःचा चष्मा बदलायला सांगितलंस, असं करीनच्या कानावर आलं. तुझी सूनच ती, म्हणजे भाचेसून, तिला सगळं कळतं. शेजारचा नुडसन अजून तुझ्या अंगणातला बर्फ काढून देतो ना? आणि तू अजून खिडकीतून त्याला चुकीच्या बाजूला टाकलास म्हणून ऐकवतेस ना? दोन्ही चालू असेल तर तुझी तब्येत उत्तम आहे असं मी समजतो.

आम्ही बरे आहोत. करीनला सर्दी आहे, कुत्र्याला खाज आहे आणि मला टेनिसचा संघ आहे. यातलं शेवटचं दुखणं तुझ्यामुळे लागलं, कारण धान्याच्या कोठारामागच्या त्या भेगाळलेल्या कोर्टवर माझ्या हातात पहिली रॅकेट तूच दिलीस. तर झालं असं आहे की या वर्षी संघातल्या माझ्या दोन मुली पदवी घेऊन जाणार आणि त्यांच्या जागी एकच येणार. म्हणजे पुढच्या वर्षी पाच. एकेरीला सहा लागतात. पाच घेऊन गेलं तर चेंडू उडायच्या आधीच आपण मागे, आणि प्रतिस्पर्धी कोच असा काही कळवळून हात मिळवतो की त्यापेक्षा तोंडावर हसलेला परवडला. आमचे क्रीडासंचालक लायल हॅगस्ट्रम यांनी मला बोलावून अगदी प्रेमानं सांगितलं, "ऑरिन, मार्चपर्यंत सहावी मिळाली तर ठीक. नाहीतर संघ बंद करू. तशीही गाड्या लावायला जागा पुरत नाही." हे बोलताना ते खिडकीतून माझ्या कोर्टांकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी मनातल्या मनात तिथे पांढरे पट्टेसुद्धा मारून घेतले असावेत.

आता तू म्हणशील, एक मुलगी मिळवायला असं काय लागतं. मावशे, मोठ्या विद्यापीठांचं वेगळं असतं. त्यांच्याकडे शिष्यवृत्त्या, घुमटाखालची कोर्टं, आणि मुलीच्या पायाचे घोटे तेवढे बघायला ठेवलेला एक स्वतंत्र माणूस. आमच्यासारख्या कॉलेजांना खेळासाठी एक पैसा द्यायची परवानगी नाही. मी काय देणार? चांगली वागणूक आणि करीनचं बटाट्याचं सूप. म्हणून आम्ही तयार खेळाडू आणत नाही, असतील त्यांना तयार करतो. माझी चौथ्या नंबरची हेडी आली तेव्हा व्हॉलीबॉल खेळायची आणि सर्व्हिस करताना चेंडूच्या मागोमाग रॅकेटही पाठवायची. दोन हिवाळे तिला जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघांच्या जंजाळात, लाकडी फरशीवर फक्त चेंडू वर उडवायला लावला. आता तिची सर्व्हिस परत आली की तिलाच राग येतो. पण हेडीसारखी मुलगी आधी सापडावी लागते ना! रोज मला चित्रफिती येतात. त्यांत मुलगी एकही चेंडू चुकत नाही, कारण चुकलेले सगळे बापानं कापलेले असतात. एका बापानं पाठवलेल्या फितीत तर मुलगी इतकी जबरदस्त खेळत होती की मी उठून उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं की पलीकडे चेंडू फेकायचं यंत्र आहे. (यंत्राचा बॅकहँड कच्चा असतो, हे त्या बापालाही ठाऊक होतं.)

शेवटी उठलो आणि फार्गोला मुलींच्या स्पर्धेला गेलो. तिथला नियम तुला सांगायला हवा. मुलीचा त्या दिवसाचा सामना संपेपर्यंत कोचनं तिच्याशी बोलायचं नाही. नमस्कार-चमत्कार चालतो, त्यापुढे शब्द नाही. म्हणून आम्ही सगळे कोच कॉलेजचं नाव लिहिलेल्या टोप्या घालून जाळीला नाक लावून उभे राहतो, की तिला निदान टोपी तरी दिसावी. सकाळी मोटेलच्या न्याहारीला मी वॉफलच्या यंत्रात पीठ ओतलं आणि शेजारी एक उंच मुलगी येऊन उभी राहिली. मला जी बघायची होती तीच, सोल्वेग. म्हणाली, "तुम्ही हॅल्वरचे कोच ना? मला तुमच्या कॉलेजबद्दल विचारायचं होतं." मावशे, गेल्या कित्येक महिन्यांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते नेमकं अशा वेळी! मी "सुप्रभात" म्हणालो आणि पळालो. पळालो म्हणजे खरोखर जिन्यावरून पळालो. वॉफल यंत्रातच राहिलं. ते जळलं, धूर झाला, भोंगा वाजला, आणि सगळं मोटेल रात्रीच्या कपड्यांत बाहेर वाहनतळावर. एका बाजूला थंडीत कुडकुडणाऱ्या सगळ्या मुली, दुसऱ्या बाजूला त्यांना घेऊन जायला आलेले आम्ही सगळे कोच, आणि कुणी कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. साउथ डकोटाच्या एका कोचनं तर घाईत टोपी खोलीत राहिली म्हणून हातानं छातीवरचं कॉलेजचं नाव ताणून धरलं होतं. आग कशानं लागली असं अग्निशमनवाल्यानं विचारलं तेव्हा सोल्वेग माझ्याकडे बघून म्हणाली, "माहीत नाही. पण नियम मोडला नाही कुणी." तेव्हाच मी ठरवलं, हीच.

मग तिचा सामना पाहिला. असल्या छोट्या स्पर्धांत आपल्या बाजूच्या रेघेचा निवाडा आपणच करायचा, पंच नसतो, हे तुला मी काय सांगणार. तू मला शिकवलंसच आहे की शंका आली तर चेंडू समोरच्याचा. पण ही पोरगी शंकेलाही थांबत नव्हती! रेघेच्या जरा जवळ पडला की तळहात खाली, चेंडू आत. समोरची मुलगी खुशाल बोट वर करून हिचे चांगले चेंडू बाहेर देत होती आणि ही तिला नुसतं विचारायची, "नक्की ना?" शेवटचा गुण तिनं असाच दिला आणि सामना हरली. माझ्या आजूबाजूचे कोच घडीच्या खुर्च्या मिटून निघून गेले. म्हणाले, असल्या मुलीला जिंकवायचं कसं? मी एकटा तिथे टाळ्या वाजवत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. (वारा फार होता.)

सामना संपला, आता बोलायला मोकळा. तिला कॉलेज आवडलं, सूपही आवडेल म्हणाली. पण घरी आजीचं चालतं. मुलीची आई इस्पितळात पाळ्या करते, मुलगी आजीनंच वाढवली, खेळही तिनंच शिकवला. म्हणून मागच्या रविवारी चर्चनंतर मी त्यांच्या घरी गेलो. आजी म्हणजे व्हर्नाबाई. ताठ कणा, पांढरे केस, टेबलावर खजुराच्या वड्या. त्यांनी विचारलं, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "छे छे, कशाला त्रास." आपल्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाहीत, तूच वळण लावलंस. मग इकडचं तिकडचं झालं. पुन्हा त्यांनी विचारलं, "अर्धा कप तरी?" मी म्हटलं, "राहू द्या हो, आत्ताच घेतली." (सकाळपासून घेतली नव्हती.) मग त्यांनी किटली उचलली आणि सहज विचारलं, "तुम्हाला टेनिस कुणी शिकवलं?" मी मोठ्या अभिमानानं तुझं नाव सांगितलं, लग्नाआधीच्या आडनावासकट.

किटली परत खाली गेली. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मी तासभर त्या वड्यांकडे आणि त्या किटलीकडे बघत कोरड्या घशानं आमच्या वाचनालयाचं वर्णन केलं. सोल्वेग एकदा आजीकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी व्हर्नाबाई म्हणाल्या, "विचार करू." मिनेसोटात याचा अर्थ काय होतो तो तुला ठाऊक आहे.

असो. बाकी इकडे थंडी पडली आहे. तू गुडघ्याला जप, नुडसनला फार बोलू नकोस, आणि नाताळला मी घ्यायला येईन तेव्हा तयार राहा. दारात उभी राहून तयार होऊ नकोस.

तुझाच,
ऑरिन

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तुमच्या तरुणपणी जिल्ह्याच्या जत्रेतल्या टेनिसच्या अंतिम सामन्यात तुझ्यासमोर कुणी व्हर्ना नावाची मुलगी होती का? ज्या सामन्याचा चषक तुझ्याकडे आहे आणि ज्यात तू लोकरीच्या सुया ठेवतेस, तोच. शेवटचा चेंडू तू बाहेर दिलास. माझ्या लहानपणी तू सांगायचीस तेव्हा तो चेंडू बोटभर बाहेर होता. माझ्या लग्नात वीतभर झाला. मागच्या नाताळात हातभर बाहेर होता आणि नुडसननंही मान डोलावली, सामना झाला तेव्हा तर तो जन्मलाही नव्हता.

ता. क. २. आता खरं सांगतो, पत्र याचसाठी लिहिलं. सोल्वेगला यायचं आहे. तिनं मला चोरून फोन केला. आजीची अट अशी की, आर्डिसनं चेंडू आत होता असं कबूल केलं तर मुलगी पाठवते. मावशे, तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि मी तसं सांगणारही नाही. पण लायलनं काल कोर्टाची मापं घेतली.

ता. क. ३. एक गोष्ट वर लिहायचं धाडस झालं नाही. मी गाडीपाशी गेलो तेव्हा व्हर्नाबाई माझे विसरलेले हातमोजे घेऊन थंडीत बाहेर आल्या. म्हणाल्या, "चेंडू कुठे पडला ते मला आजतागायत माहीत नाही. ऊन डोळ्यांवर होतं. पण तुमच्या मावशीनं चेंडू पडायच्या आधीच बोट वर केलं. आणि मला एकदा विचारलंसुद्धा नाही." एवढं बोलून त्यांनी हातमोजे माझ्या हातात कोंबले. मावशे, मला नेहमी वाटायचं की समोरच्याला चेंडू द्यायचा तो नियम तू पुस्तकातून शिकवलास. परतीच्या वाटेवर मला वेगळंच वाटत राहिलं. एका चेंडूपायी तुम्ही दोघींनी, एकमेकींशी न बोलता, या राज्यातली दोन सगळ्यांत भिडस्त माणसं वाढवलीत, एक ती पोरगी आणि एक मी. आम्ही दोघंही त्यामुळे हरत असतो. तक्रार नाही, पण आम्हाला एका संघात येऊ दे.

ता. क. ४. कबूल वगैरे काही करू नकोस. फोन करून तिला फक्त विचार, "व्हर्ना, तुला तो चेंडू कुठे दिसला?" ती "जाऊ दे आता" म्हणेल. पुन्हा विचार. पुन्हा तेच म्हणेल. मावशे, कळकळीची विनंती आहे, तिसऱ्यांदा विचार.

ता. क. ५. आणि ती "आत होता" म्हणाली, तर कृपा करून वाद घालू नकोस. आम्ही पाचच आहोत.