बापूराव ताकसांडे यांच्या नावाची भांडी

मी, सीताबाई बापूराव ताकसांडे, वय एकाहत्तर, धंदा बिछायत केंद्र (म्हणजे लग्नाकार्याला भांडी, खुर्च्या, सतरंज्या भाड्याने देणे), राहणार तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो डोक्याचा आहे, गुडघ्यांचा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्या भांड्यांवर आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची हकिगत पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकीलसाहेबांचे म्हणणे पडले की अशा कागदात मिळकतीपुरते लिहावे, मनातले लिहू नये. त्यांची फी मी दिली आहे. सल्ला परत केला आहे.

कलम १. घर

बौद्ध वस्तीतील माझ्या नावे असलेले राहते घर, अंगण आणि मागचे टिनाचे गोदाम माझ्या पश्चात माझी सून रोशनी हिचे होईल. एकुलता एक मुलगा रत्नदीप हयात असताना घर सुनेला का, असे लोक विचारतील. विचारू द्यावे, गावात दुसरे काम कमी आहे. रत्नदीपला त्या घरात राहता येईल, रोशनीची मर्जी असेतोवर. दुसऱ्याची मर्जी राखणे त्याला उत्तम जमते. आतापर्यंत ते कसब त्याने घराबाहेर वापरले, आता घरात वापरावे.

कलम २. पोस्टातील शिल्लक व दागिना

पोस्टातील शिल्लक आणि माझी एकदाणी रोशनीची. शिल्लकीतून आधी माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवण वरण, भात, एक भाजी एवढेच करावे. पनीर करू नये. माझ्या आयुष्यात मी पनीरला कधी वाईट म्हटले नाही, पण ज्या घरात भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडण होते त्याच घरच्या लग्नात पनीर वाया जाताना मी इतके पाहिले आहे की माझ्या मागे ते पानात नको.

कलम ३. मंदीबद्दल

हे कलम कोणाला काही देत नाही. तरी ते लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या कलमांतली माणसे आपल्या वागण्याचे कारण म्हणून हाच शब्द सांगतात.

जगात मंदी आली हे टीव्हीवाल्यांनी इतरांना सांगितले, मला गोदामाच्या दारात समजले. बिछायतीच्या धंद्यात माणसाची परिस्थिती लपत नाही. कोण किती खुर्च्या नेतो, कोण खुर्चीवरचा कपडा नको म्हणतो, कोण ताडपत्री फाटकी चालेल म्हणतो, सगळे दिसते. गावातल्या एका नवराबायको मास्तरांचे सरकारी पगार दर महिन्याला जसेच्या तसे येत होते. त्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार कमी केला. जगातच मंदी आहे, असे तिला समजावून सांगितले. जगाचे ओझे त्यांनी अगदी नेमके त्या बाईच्या डोक्यावर ठेवले. दुसरे एक गृहस्थ खुर्च्यांच्या भाड्यासाठी अर्धा दिवस घासाघीस करून गेले आणि त्यांच्या लग्नातला डीजे नागपूरहून आला.

ज्यांना खरी झळ बसली त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नाही. ते येत आणि तीन सतरंज्यांच्या जागी एक नेत. कोणाचा मुलगा पुण्याहून परत आला हे त्या सतरंजीवरून मला समजे. मी विचारत नसे.

कलम ४. भांडी कशी आली

आमचे लग्न झाले तेव्हा देवळात गावकीची भांडी असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावीत, घासून परत ठेवावीत, अशी रीत होती. बापूरावांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्याआधीही ती भांडी आमच्या वस्तीला मिळत नसत. नंतर मिळायचा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे आमच्या लग्नाचा भात घरोघरच्या लहान भांड्यांत शिजला. एका पंगतीला कच्चा, दुसरीला गिच्च. सासरकडची एक म्हातारी म्हणाली, नवरी पाहून घेतली, भात कोणी पाहिला नाही.

बापूराव तेव्हा आर्वीला जिनिंगमध्ये हमाल होते. पहिला पितळी गंज, म्हणजे पंगतीचा भात शिजवायचे मोठे पातेले, त्यांनी तिथून डोक्यावर आणला. त्याच्या गळ्याजवळ नाव टाकून घेतले होते: बापूराव ताकसांडे, तळेगाव. नंतर जेवढी भांडी आली त्या सगळ्यांवर हेच नाव पडले. ज्या घरी मरण झाले तिथून त्यांनी कधी भाडे घेतले नाही. ते गेल्यावर मीही घेतले नाही. वस्त्या, वाड्या, आसपासची खेडी आमच्याकडून भांडी नेत. आमच्या गावची पेठ मात्र आर्वीहून टेम्पो भरून आणी. अंतर जास्त, भाडे जास्त, पण पुण्य बहुधा अंतरावर मोजत असावेत.

कलम ५. रत्नदीप

माझा मुलगा पुण्याला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. माल परदेशी जाई. परदेशातल्या लोकांनी गाड्या घेणे कमी केले आणि कंपनीने माणसे कमी केली, त्यांत हा एक. यात त्याचा दोष नाही, आणि मी कधी दिलाही नाही. पण घरी आल्यावर त्याने गावाला सांगितले की कंपनीने घरून काम करायला सांगितले आहे. कंपनीने लॅपटॉप काढून घेतला होता, तेव्हा हा मोबाइल कानाला लावून अंगणात फिरायचा आणि वस्तीत कोणी दिसले की इंग्रजी बोलायचा. शेजारची अन्नपूर्णा एकदा मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या रत्नदीपचा साहेब लय ऐकून घेते, स्वतः काईच बोलत नाई."

त्याच दिवसांत रोशनी पेठेतल्या भैयाजींकडे संत्री निवडून पेटीत भरायला जाऊ लागली. भैयाजी हे संत्र्याचे मोठे व्यापारी. बाहेर माल उठत नाही म्हणून त्यांनी बायांची मजुरी कमी केली आणि दुपारचा चहा बंद केला. रोशनीने ना कामाचे नाव बदलून सांगितले, ना कानाला फोन लावला. संध्याकाळी येऊन ती खुर्च्यांचे फाटके कपडे शिवत बसे. मंदीतून घर चालवण्याचे काम या घरात एकच माणूस करत होते आणि त्याला ते करताना प्रेक्षक लागत नव्हते.

कलम ६. भैयाजींच्या घरचे लग्न

गेल्या माघात भैयाजींच्या मुलीचे लग्न निघाले. आर्वीच्या बिछायतवाल्याने दर वाढवले होते, तेव्हा भैयाजींना प्रथमच दिसले की गावातही एक बिछायत केंद्र आहे. ते स्वतः आले नाहीत. रत्नदीपला फोन केला. भांडी हवी आहेत, फक्त नाव तेवढे झाकून घेऊ, असे ठरले. मला ठरल्यावर सांगण्यात आले.

आता झाकले कसे ते ऐकावे. चुलीवर ठेवण्याआधी गंजाच्या बुडाला मातीचा लेप देतात. माती खाली पडली की काजळीही तिच्याबरोबर पडते, भांडे खाली स्वच्छ राहते. हे स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कोणालाही माहीत असते. भैयाजींनी रामाजी आचाऱ्याला सांगितले की लेप गळ्यापर्यंत द्या. रामाजीने दिला. लाकडाच्या जाळावर बाकीचा गंज, कडा, कड्या, सगळे काळे झाले. भात झाल्यावर गडी गंज ओढत पंगतीत घेऊन आले आणि तापून वाळलेली माती सगळ्यांच्या देखत खळकन पडली. काळ्याकुट्ट कडेखाली लखलखीत पितळ, आणि त्यावर नाव. घासून मांडला असता तरी इतके ठळक दिसले नसते.

नवरदेवाकडच्या एका वडीलधाऱ्याने पानावरून मान वर करून विचारले, "हे बापूराव ताकसांडे कोन?"

भैयाजी म्हणाले, "आर्वीचा दुकानदार हाये."

त्यावर रामाजी, हातात झारा घेऊन, म्हणाला, "आर्वीचे नाई जी, इथलेच. खाली गाव बी टाकलं हाये, वाचा ना."

पंगतीतून कोणी उठले नाही. भात चांगला झाला होता. त्या वडीलधाऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतला. इतक्या वर्षांचे सोवळे एका भाताच्या वाढपात संपले. ते इतक्या हलक्या मालाचे असेल असे मला वाटले नव्हते. हे मला रामाजीने सांगितले आणि तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे.

कलम ७. ग्राइंडर

लग्नानंतर भैयाजींनी रत्नदीपला बोलावले. आम्हाला काही नाही, पाहुण्यांना अडचण होते, असे म्हणाले. नावे काढून टाक, पेठेतली सगळी लग्ने तुझ्याकडे, असा शब्द दिला. माझ्या मुलाने तो शब्द खरा मानला. त्याने 'आर. बी. इव्हेंट्स' असा फलक रंगवायला टाकला आणि कोणाकडून तरी ग्राइंडर आणले.

मी वस्तीतल्या एका बारशाच्या घरी सतरंज्या मोजायला गेले होते. परत येताना गोदामातून कर्कश आवाज आला. आत तो गंज मांडीत धरून बसला होता. बाजूला पितळेचा चुरा पडला होता. काही गंजांवरची नावे आधीच गेली होती.

"काय करून राह्यला रे?" मी विचारले.

"आई, नावानं पोट भरते काय? मंदी हाये."

"तुह्या बापाच्या वक्ताले कोनती तेजी होती?"

तो म्हणाला, तुला धंदा कळत नाही. ग्राइंडर चालूच होते. तेवढ्यात रोशनी कामावरून आली. तिने डबा खाली ठेवला, भिंतीतली पिन उपटली आणि त्याला म्हणाली, "तुमाले कंपनीनं काढलं, म्हणून तुमी बाबायले काढता काय?"

उरलेले गंज तिने एकटीने उचलून माझ्या खोलीत आणले. मी मदत केली नाही. गुडघे हे एक कारण. दुसरे असे की ते तिने एकटीने करताना त्याने पाहावे असे मला वाटत होते.

घासलेले गंज पेठेने नेले का, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यावेसे वाटेल. नेले नाहीत. गावात आता ज्या गंजाच्या गळ्याला घासल्याचा चट्टा दिसेल तो कोणाचा हे आंधळाही सांगेल. भैयाजींनी पुतण्याच्या लग्नाला पुन्हा आर्वीहून टेम्पो आणला, मंदी असतानाही. शब्दाबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. रत्नदीपने तर नाहीच.

कलम ८. भांड्यांची वाटणी

(अ) ज्यांवर बापूराव ताकसांडे यांचे नाव शाबूत आहे ते सर्व गंज, पराती, झारे, तसेच खुर्च्या, सतरंज्या, ताडपत्र्या आणि मालवाहू गाडी रोशनीची. नाव काढू नये, झाकू नये, झाकू देऊ नये. मरणाच्या घरून भाडे घेऊ नये. हा नियम पेठेलाही लागू आहे. मेलेल्या माणसाशी माझे भांडण नाही. जिवंत भैयाजी आले तर पूर्ण भाडे आगाऊ घ्यावे आणि गंज पंगतीत नाव बाहेर करून ठेवण्याची अट घालावी.

(आ) जे गंज रत्नदीपने घासले ते रत्नदीपचे. त्यांवर आता कोणाचेच नाव नाही, तेव्हा कोणी हरकत घेणार नाही. ते त्याने भंगारात घालू नयेत. घातल्यास घरात राहण्याचा हक्कही त्याच वजनात गेला असे समजावे.

(इ) त्या घासलेल्या जागी रत्नदीपने स्वतःचे नाव टाकून घेतले, आडनाव आणि गावासह, आणि तो गंज घेऊन गावातल्या एका तरी लग्नात तो स्वतः उभा राहिला, तर रोशनीने त्याला धंद्यात निम्मा भागीदार करून घ्यावे. 'आर. बी.' चालणार नाही. हे झाले की नाही ते ठरवण्याचा अधिकार मी मोतीलाल बन्सोड, निवृत्त एस.टी. वाहक, यांना देते आणि त्यांनाच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. ते बापूरावांचे मित्र होते, पण त्यांनी मित्रालाही कधी बिनतिकीट बसवले नाही.

कलम ९. वाचून दाखवल्याबद्दल

मी मेल्यावर हा कागद उघडून त्याला धक्का बसावा अशी माझी इच्छा नाही. धक्के जिवंतपणी द्यावेत. म्हणून सही करण्याआधी, साक्षीदारांसमोर, मी इथवरचा सगळा मजकूर रत्नदीपला वाचून दाखवला. भैयाजींच्या कलमाला त्याने मान खाली घातली. शेवटची अट ऐकून मात्र त्याने विचारले, "आई, आडनाव बी टाका लागन काय?"

मी म्हटले, "पह्यले आडनाव टाक. जागा उरली तं नाव."

तो उठून गोदामात गेला. का गेला ते मी पाहायला गेले नाही आणि त्याच्या येण्याची वाट पाहत सही थांबवणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, तो मला मान्य आहे आणि त्यातला कोणताही शब्द मवाळ करण्याची मुभा मी कोणाला दिलेली नाही.

लिहून देणार:
(सही) सीताबाई बापूराव ताकसांडे

सीताबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि आम्हाला चहाही त्यांनीच करून दिला.

साक्षीदार:
१. (सही) अन्नपूर्णा कोडापे, अंगणवाडी सेविका, तळेगाव
२. (सही) रामाजी भोयर, आचारी, तळेगाव

ठिकाण: तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा
दिनांक: ११ जून २०२५