सुमनताईंच्या मिशा

चाकण, आश्विन वद्य दशमी

रा. रा. उद्धवराव यांस सोपानरावाचा रामराम. पुण्याच्या हवेत तुमचा खोकला आता कसा आहे? काढा घेता ना? इकडे तुमची भगिनी मंजुळा खुशाल आहे. फक्त परवापासून मासिक नुसते समोर दिसले तरी डोक्यावरून पदर घेते. कारण लिहितो, पण बसून वाचा.

घरात बाईमाणसांच्या कानी बाईनेच लिहिलेले पडावे, हा माझा नियम तुम्हांस ठाऊक आहे. (बाप्ये काय काय लिहितात ते मी आधी एकट्याने वाचून पाहिलेले आहे.) म्हणून तुम्ही धाडलेल्या मासिकातल्या फक्त सौ. सुमनताईंच्या गोष्टी मी मोठ्याने वाचीत असे आणि मंजुळा वाती वळत ऐकत असे. सासुरवाशीण भावाची वाट पाहते, ती गोष्ट वाचताना मलाच चष्मा पुसावा लागला. आमची यशोदा गेल्यापासून भाऊबीजेला मला ओवाळणारे कोणी नाही. तेव्हा ताईंना बहीण मानून मासिकाच्या पत्त्यावर मी चोळीचा खण पाठवला. "इथूनच ओवाळले, दादा," असे कार्डही आले. दोन दिवाळ्या असे चालले.

परवा एसटीतून एक गृहस्थ उतरले. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कारकून, नाव हिंदुराव, मिशा अशा की दारातला कुत्रा भुंकायचे विसरला. माझ्यापुढे एक खण ठेवून म्हणाले, "दादा, सुमनताई मीच. आता राहवेना."

मी विचारले, "मग दुसरा खण?"

"तो आमच्या हिनं शिवून घातला."

उद्धवराव, माझे चौथीपर्यंतचे शिक्षण इथे संपले. बहिणीची बायको माझी कोण लागते? हिंदुराव म्हणतात, सासुरवाशिणीची हीच गोष्ट स्वतःच्या नावाने धाडली तेव्हा कुणी विचारले नाही. बाईचे नाव घालताच गावोगावच्या बायकांची पत्रे आली. मंजुळा दाराआडून कडाडली, "अन् माझ्या गुडघ्यांचं, सुनेच्या बाळंतपणाचं ह्यांनी तुम्हाला ताई समजून कळवलं, त्याचं काय?"

"आई लहानपणीच गेली, वहिनी," ते खाली मान घालून म्हणाले. "चार बहिणींनी वाढवलं. मी चुलीपाशीच बसायचो."

ती चहाला लागली, आणि त्यात साखर दोनदा पडली.

मी गोष्ट पुन्हा काढून वाचली. अक्षर न् अक्षर तेच, आणि चष्माही पुन्हा पुसावा लागला. (मिशा आठवूनसुद्धा!) मग मी बहीण कुणाला मानले होते? भाऊबीज आठवड्यावर आली. बहीण गेली, खण उरला.

तुमचा,
सोपानराव

ता. क. – मंजुळेने ठरवले आहे की भाऊबीजेला हिंदुरावांना तीच ओवाळणार. तुमच्या शेजारी त्यांचा पाट मांडेल, राग धरू नका. म्हणजे माझी बहीण माझाच मेहुणा झाली.

दुसरी ता. क. – आत्ताच त्यांच्या बायकोचे कार्ड आले. अक्षर ताईंच्या कार्डांवरचेच निघाले! दोन्ही वर्षे चाकणच्या दिशेने निरांजन तिनेच ओवाळले होते. तीच चोळी घालून मला ओवाळायला येते आहे. पाट तीन मांडायचे.

तिसरी ता. क. – येताना नवा अंक आणा. मंजुळा म्हणते, बाईचा असो की बाप्याचा, गोष्ट चांगली पाहा. मी म्हणतो, नावाची नीट चौकशी करा. उरलेला खण हिंदुरावांच्या बायकोला जाईल; आणखी एखादी ताई निघाली तर घरात आता दुसरा नाही.