श्वासाला लागलेला कान

ता. ४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं लोकरीचं टोपडं मिळालं. बरंच मोठं आहे. ही म्हणते, आत्याने लेकीचं नाही, बापाचं माप घेतलेलं दिसतंय. छकुली बरी आहे. चेहरा अजून ठरायचा आहे, आवाज मात्र तुझाच घेतलाय.

तू विचारलंस की दुकानातून मला रजा का मिळाली नाही. मालक सोडत नाहीत, शिलाई मशिनी दुरुस्तीला येऊन पडल्यात, असं मी हिलाही सांगितलं होतं. ते खोटं होतं. काल मालक स्वतः छकुलीला बघायला आले. हिच्यासमोरच म्हणाले की याला घरी बांधून ठेवा, महिनाभर रजा दिली तरी रोज दुकानात हजर. ते हसले. हीसुद्धा हसली, त्यांना चहा दिला, ते गेल्यावर कप विसळले. आज सकाळी एवढंच म्हणाली की मुलगी नको होती तर तसं सांगायचं होतं, आता पुढच्या रविवारी भाऊ येऊन मला घेऊन जाईल.

ताई, मला मुलगी हवी होती. पण हिच्याकडे बघायला मान वर होत नाही. आई गेली त्याच खोलीत बाळ-बाळंतीण आहेत, कारण उजेड तिथेच येतो. शेवटी शेवटी आईचा श्वास मध्येच थांबायचा, तू पाहिलंस. पुढच्या श्वासाची वाट बघत मी पलंगाशी बसायचो. छकुलीही झोपेत तसंच करते. श्वास घेते, घेते आणि थांबते. मशीनचा एक टाका सुटला तरी माझ्या कानाला कळतो. तोच कान इथे लागतो आणि मला बसवत नाही. दुकानात सगळ्या मशिनी चालू असल्या की काही ऐकू येत नाही, म्हणून जातो. बापाने करायची गोष्ट आहे का ही? भाऊजींना सांगू नकोस.

हे वाचूनही लोभ राहिला तर असू दे.

तुझा,
घुम्या


ता. ८ नोव्हेंबर

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हटलं, टोपडं मोठं झालंय.

तान्ही बाळं झोपेत तसाच श्वास घेतात रे. थोरल्याच्या वेळी मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. तरी भरवसा नाही वाटला की त्याला उठवून रडवायचे. सासूबाई म्हणायच्या, झोपलेलं पोर मुद्दाम उठवणारी आई पहिल्यांदाच बघतेय. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजावलं की जरासा थांबून पुन्हा सुरू होतो, ओठ निळे दिसले तर मात्र लगेच घेऊन या. तूही छकुलीला दाखवून आण, मनात शंका ठेवू नकोस.

पण हे तू मला कशाला लिहिलंस? मी इतक्या लांब आणि ती भिंतीपलीकडे. तिला वाटतंय की तिची लेक तुला नकोशी झालीय. लाज वाटतेय ना, मग लाजत लाजत सांग. लहानपणी काही फोडलंस की माळ्यावर जाऊन बसायचास, आणि आई तुला उतरवायला मला वर पाठवायची. आता पाठवायला आई नाही, आणि मी वर येणार नाही.

रविवारच्या आत बोल. तुझ्या बायकोला आशीर्वाद, छकुलीला पापा. घुम्या असलास तरी आमचा आहेस.

तुझी,
ताई


ता. १५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं तेव्हा ही सामान बांधत होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, छकुली थांबते. हिला काही कळेना. मग आईचं, श्वासाचं, दुकानाचं, सगळं जमेल तसं सांगितलं. ही कपड्यांच्या ढिगावरच बसली. म्हणाली की ते तिलाही रोज ऐकू येतं आणि ती एकटीच ऐकत बसते. ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पळालो तेव्हा तिला तिथे एकटीला सोडून पळालो होतो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

रविवारी तिचा भाऊ आला. हिने त्याला सांगितलं की चहा घे, भाचीला बघ आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. तो कुरकुरला की उगाच रजा टाकायला लावलीत. रजा म्हटल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी छकुलीला नीट तपासलं. काळजीचं काही नाही म्हणाल्या. मालकांकडे रजा मागितली, तर म्हणाले, ती दिलेलीच होती.

आता दुपारी ही त्या खोलीत आडवी होते आणि छकुली माझ्या छातीवर असते. पहिल्या दुपारी तिचा श्वास थांबला आणि मी लाकडासारखा झालो. मला वाटलं होतं ही झोपलीय. हिने डोळे न उघडता माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. मग आला.

लाज गेलेली नाही, पण हिच्यासमोर बसता येतं. छकुली उठली आहे. मीच जातो घ्यायला. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
घुम्या