गतिरोधकावरचा चहा

१४ सप्टेंबर, दुपारी

तीर्थस्वरूप दादास,

'तीर्थस्वरूप' लिहावं की नाही यात दहा मिनिटं गेली. शेवटी सवयीने लिहिलं. मोठा आहेस, त्याला माझा इलाज नाही.

इकडे सगळं ठीक. आईला पाठीच्या व्यायामाला मंगळवार-शुक्रवार नेते. जिना आता एकटी उतरते. कठडा धर म्हटलं की माझ्यावरच डाफरते, म्हणजे सुधारतेय. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मीच बदलला. वहिनींच्या मानेला पट्टा लागला हे तू सांगितलंस. त्यांचं मात्र खरंच वाईट वाटलं.

परवा फोनवर विचारलंस, "गाडी आठ दिवस तुझ्या दारात उभी होती, तेव्हा काय झालं तिला? परत तसाच आवाज करायला लागलीय." 'परत' म्हणालास आणि एकदम गप्प झालास. मी "बघते" म्हणून फोन ठेवला, कारण आई शेजारी भाजी निवडत होती. आता सगळं सांगते. बूड टेकून वाच.

बाबांनी पस्तीस वर्षं डेपोत बसगाड्यांखाली काढली, तरी घरच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. तुलाही त्यांच्यासारखीच गाडी घ्यायला लावली. का, तर एकच हत्यारांचा डबा दोन्हींना पुरतो! नवा भाग बसवला की त्यावर पिवळा ठिपका आणि बाजूला तारीख. मग आईला मागच्या सीटवर बसवायचं, तिच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्यायचा आणि फाटकाजवळच्या गतिरोधकावरून गाडी न्यायची. सांडला की परत गाडीखाली. "माझं लग्न मेकॅनिकशी झालंय की सर्कसवाल्याशी?" असं आई दर वेळी म्हणायची.

फेब्रुवारीत आईच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी चारही शॉकअप नवे घातले. छातीत घरघर होती, तरी दोन दिवस गाडीखाली आडवे. येता-जाता तिला एकही धक्का बसता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. तुझी गाडी तेव्हा खडखडत होती. तुला म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझेही बदलतो." पुढचा महिना त्यांना मिळाला नाही.

मग तू पुढे झालास. "बाबांची गाडी तूच ठेव, आईला न्यायला होईल. कागदपत्रं तुझ्या नावावर करतो, सर्व्हिसिंगही करून देतो." पाच दिवसांनी आणून दिलीस. धुतलेली, पुसलेली, आत वासाची कुपी टांगलेली. किल्ली देताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास.

पहिल्याच शुक्रवारी गाडीने रंग दाखवला. जरासा खड्डा आला तरी मागे लोखंडी पिंप घरंगळल्यासारखा आवाज, आणि धक्का थेट कमरेत. आई दोन्ही हातांनी सीट धरून डोळे मिटून बसायची. घरी आल्यावर अर्धा तास पालथी पडून राहायची. मी टायरमधली हवा कमी केली, उशा घातल्या, वीसच्या वर काटा नेला नाही. मागून लोक हॉर्न वाजवत शिव्या द्यायचे.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, शॉकअप गेलेत." मी त्याला गाडीखाली वाकूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, आमच्या वडिलांनी आत्ताच नवे घातलेत, तुम्ही नका शिकवू.

आणि मग, दादा, हेही ऐक. एका मंगळवारी आई कळवळली आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "शेवटी शेवटी बाबांना काही जमत नव्हतं, तर कशाला घुसले गाडीखाली? निस्तरायचं आपण!" आई खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर चार महिने मी दर खड्ड्याला मनातल्या मनात बाबांना बोल लावले. गेलेल्या बापाला! तेही तुझ्या पापासाठी.

ऑगस्टमध्ये तू दौऱ्यावर गेलास आणि गाडी माझ्याकडे ठेवलीस. दुसऱ्या दिवशी आईची काठी घरंगळत तुझ्या गाडीखाली गेली. ती काढायला मी जमिनीवर आडवी झाले आणि वर पाहिलं. पिवळा ठिपका. शेजारी बाबांच्या अक्षरात १२ फेब्रुवारी. चारही चाकांना पाहिलं. मग माझ्या गाडीखाली गेले. तिथे चारही गंजलेले, तेलाने माखलेले, ठिपक्याचा पत्ता नाही.

चोर तर चोर, वर शिरजोर! डोक्यावर हात काय ठेवतोस?

त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकची माफी मागितली आणि दोन्ही गाड्या त्याच्या ताब्यात दिल्या. आमचे आमच्याकडे आले, तुझे तुझ्याकडे गेले. तुझ्या चारही शॉकअपवर मी लाल ठिपका लावलाय आणि तारीख घातलीय. खाली वाकून बघ. वाकता येत असेल तर. तू गाडी न्यायला आलास तेव्हा मी हसून चहा दिला, आठवतंय? आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कुणाला चहा दिला नव्हता. गाडी फाटकाबाहेर पडताना गतिरोधकावर धाडकन आदळली. मी गॅलरीत उभी राहून ऐकलं.

आईला हे कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिचा जीव तुझ्यात अडकलेला. पण तू गाडी नेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, निघताना ती स्वयंपाकघरातून भरलेला कप घेऊन आली आणि मागे जाऊन बसली. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "तू चालव."

गतिरोधक गेला. एक थेंब सांडला नाही.

आईने शांतपणे चहा प्यायला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "फेब्रुवारीतही नव्हता सांडला." मी आरशात पाहिलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, दादा. नवऱ्याची बाजू घेतली तर मुलगा उघडा पडतो, म्हणून माझ्या तोंडून बाबांना नावं ठेवलेली ऐकत, धक्के खात बसली होती. मला रडू फुटलं. गाडी कडेला घेतली.

मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, मोठा भाऊ आहे. तिने कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "म्हणजे आता त्याच्या गाडीत सांडत असेल?"

मी मान डोलावली.

"सांडू दे," आई म्हणाली.

बाबांची,
ठमी