पांढऱ्या शर्टावरची रेघ

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय निशास,
सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण ते तर तू या घरात सून म्हणून आलीस तेव्हापासूनच दुखतात. प्रेरणाची सहामाही कधी सुरू होते? गणिताची भीती वाटत असेल तर सुट्टीत इकडं पाठव. आत्या म्हणून तेवढं तरी करीन.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझं काही खरं नसतं. तू "बोल ना" म्हणतेस आणि मी भाजीचे भाव सांगत बसते.

गुरुवारी धम्मचक्र दिन झाला. आई सकाळीच पांढरी साडी नेसली, बुद्ध लेणीला जायचं म्हणून चपला घातल्या आणि उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "नाय जमायचं मला. तिथं समदी पांढऱ्या कपड्यातली." मग आम्ही घरातच वंदना घेतली. दादाची चाल मला येत नाही. मी मधेच अडले, पुढचं आईनं एकटीनं म्हटलं.

आता एअरबॅगच्या केससाठी तू पाठवलेल्या कागदाबद्दल. वकिलांनी प्रतिज्ञापत्र नीट लिहिलं आहे. मी कै. राजकुमार साळवे यांची सख्खी बहीण, शेंद्र्याच्या कारखान्यात सीटबेल्टच्या तपासणीवर कामाला, अपघाताच्या सकाळी ते माझ्याच घरून निघाले, सगळं बरोबर आहे. पण सही मला करता येणार नाही. आमच्या कंपनीत असल्या भानगडीत पडलेलं चालत नाही. साहेब लोक लगेच बोलावून घेतात. तू समजून घेशील.

आणि खरं सांगू का, एअरबॅग म्हणजे गाडी ठोकली की आपोआप फुगणारा फुगा नव्हे. समोरचा पत्रा किती चेपला यावर ती उघडत नाही. गाडीच्या मधोमध, गिअरच्या खाली, एक छोटी डबी असते. वेग किती झटक्यात तुटला ते ती मोजते, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. गाडी भिंतीवर आदळली तर वेग एकदम तुटतो आणि एअरबॅग उघडते. दादाची गाडी उसाच्या ट्रॉलीखाली घुसली. बॉनेट खालून सरकत गेलं, म्हणून झटका डबीपर्यंत बोथट होऊन पोचला आणि एअरबॅग उघडली नाही. चूक चौका गावाजवळ रस्त्यात ट्रॉली उभी करून चहाला गेलेल्याची आहे. गाडीच्या कंपनीशी भांडून काय मिळणार? केस सोडून दे, निशा.

आईचा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. मी समजावत असते. वेळ लागेल.

तुझी,
रत्ना

———

मुकुंदवाडी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

निशा,
जय भीम.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "सख्ख्या भावासाठी एक सही होत नाही तुझ्यानं, अन् वर मला शहाणपण शिकवतेस." शाळेत मी तुझी वही लपवली की तू अशीच फटकन बोलायचीस. तुला वहिनी करून घरात मीच आणलं, त्यामुळं तुझा फटका माझ्या ओळखीचा आहे. या वेळी तो कमीच पडला.

मागचं पत्र म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. कंपनीनं मला कसलीच मनाई केलेली नाही. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. त्या कागदावरचं एकच वाक्य मला नडलं. "माझे बंधू नेहमी सीटबेल्ट लावत असत व त्या दिवशीही त्यांनी तो लावलेला होता."

त्या दिवशी दादानं बेल्ट लावला नव्हता.

तू म्हणशील, हे शक्य नाही, तू शेजारी बसलीस की तो आधी बेल्ट लावायचा. खरं आहे. मी सुरुवातीपासून सांगते, मधे थांबले तर पुन्हा भाजीच्या भावावर जाईन.

गाडी आली तेव्हापासून दादाची एकच तक्रार होती. शाळा सांभाळून तो गावोगाव लग्नं लावायला जायचा. बौद्धाचार्य म्हणून त्याचा केवढा मान होता, ते तुला मी काय सांगू. शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. आणि आपल्या रस्त्यांची धूळ बेल्टवर बसून त्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी काळी रेघ उमटायची. ती घासता घासता तुझ्या बोटांची सालं निघायची. जानेवारीत पिशोरच्या एका लग्नात तो पंचशील द्यायला उभा राहिला आणि मांडवातून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काय गुरुजी, जानवं घातलं का काय?" सगळा मांडव हसला. तोही हसला. पण येताना माझ्याकडं थांबला, तेव्हा पाणी प्यायच्या आधी हेच सांगितलं. "रत्ने, आज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अन् मी जानव्यावानी रेघ घेऊन पंचशील देतो. चेष्टाच केली त्यानं, पर लई लागलं मला."

बेल्ट लावला नाही की गाडी केकाटत राहायची. मीच म्हटलं, दादा, थांब, मी आणते काहीतरी. शहागंजात गाडीच्या सामानाच्या दुकानात की-चेनच्या शेजारी क्लिपा टांगलेल्या असतात. लोखंडी जीभ आणि वर काळं प्लास्टिक. बेल्टच्या जागी ती बक्कलमध्ये खोचली की गाडी गप्प. मी आणली आणि मीच खोचून दाखवली. दादा म्हणाला, "बहीण कंपनीत असल्याचा कायतरी उपयोग झाला बघ. निशाला नको सांगू, बोलणी खावी लागतील." लग्नाच्या दिवसांपुरतीच वापरायची, असं ठरलं. रेघ कशी पडली नाही म्हणून तू विचारलंस, तेव्हा तो म्हणाला ना, बेल्टाला रुमाल गुंडाळतो? खरंच रुमाल गुंडाळला असता तर भागलं असतं, निशा. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा बहीणभावांना खोटं बोलतानाच सुचली.

ती क्लिप दोन रविवार चालली. तिसरा रविवार नऊ फेब्रुवारी.

मी रोज सहाशे बक्कलं तपासते. जीभ आत गेली की हिरवा दिवा, निघाली की लाल. त्या बक्कलची तार एअरबॅगच्या डबीकडं जाते, हे मला माहीत होतं. कशासाठी जाते ते कधी विचारलं नव्हतं. मार्चमध्ये आमच्या शिवराज सरांना विचारलं, शेजारणीच्या नवऱ्याचं म्हणून. ते म्हणाले, "ती डबी नुसता झटका मोजत नाही, बेल्ट लावलाय का तेही बघते. लावलेला असला तर मोठ्या झटक्याची वाट बघते, कारण माणसाला बेल्ट धरणार असतो. लावलेला नसला तर कमी झटक्यालाच एअरबॅग उघडते. सगळ्या गाड्यांत नाही, पण तुम्ही म्हणता त्या गाडीत आहे तसं."

म्हणजे दादा मोकळाच बसला होता आणि तो बांधलेला आहे असं मी गाडीला सांगून ठेवलं होतं. गाडीनं माझं ऐकलं.

एअरबॅग उघडली असती तर माणूस वाचला असता का, हेही मी विचारलं. सर म्हणाले, सांगता येत नाही, ट्रॉलीखाली गेलेल्या गाडीचा काही नेम नसतो. मग विचारलं, आणि बेल्ट लावला असता तर? त्याला मात्र ते लगेच म्हणाले, "तर बहुतेक वाचला असता." आठ महिने झाले, मी जेवते, कामावर जाते, बक्कलं तपासते, आणि हिरवा दिवा लागला की मला ते वाक्य ऐकू येतं. मला आता कशातच अर्थ वाटत नाही. हे बरं होईल असंही वाटत नाही.

पुढचं याहून वाईट आहे. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीतून दादाचं सामान आणायला मी गेले होते. चष्मा, वंदनेचं पुस्तक, लग्नाच्या नोंदीची वही तुला आणून दिली. क्लिप तेव्हा बक्कलमध्येच होती. ती मी काढली आणि पर्समध्ये टाकली. कुणी पाहिलं नाही.

गाडीच्या कंपनीनं त्या डबीची मेमरी तपासून लिहून दिलं आहे की चालकानं बेल्ट लावलेला होता, आणि बेल्ट लावलेल्या माणसाला एअरबॅग लागावी एवढा तो झटका नव्हता. वकील खूश झाले, बेल्टचा प्रश्न मिटला म्हणाले. ती नोंद माझी आहे. मी शहागंजातून आणलेली.

आणि तुझा फोन. त्या सकाळी लग्नाच्या मांडवातून तू दादाला म्हणालीस, "नवरी तयार आहे, लोक खोळंबलेत, निघा लवकर." आईनं तेवढंच धरलं. "हिच्या घाईनं माझं लेकरू गेलं," म्हणत तुझं घर सोडून माझ्याकडं आली. मी समजावते असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. मी तिला एका शब्दानं अडवलं नाही. ती तुला बोल लावायची तेवढा वेळ माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. नवरा गेला, वर सासूनं तोंड फिरवलं, आणि तू मलाच फोन करून रडायचीस. मी ऐकून घ्यायचे.

दादा घाईत नव्हताच. तुझा फोन आल्यावर त्यानं अजून अर्धा कप चहा मागितला, आरशात खांदे बघितले आणि सावकाश निघाला.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. क्लिप तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "एवढीशीच व्हय?" मी मान हलवली. तिनं क्लिप परत माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "मला फुलंब्रीच्या गाडीत बसवून दे. निशाच्या पाया पडायचंय मला." तिला पाया पडू देऊ नकोस. सकाळपासून तिनं माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही.

उद्या आठच्या एस.टी.त तिला बसवते. हे पत्र आणि क्लिप तिच्याच पिशवीत असेल. स्टँडवर ये, एवढंच तुला सकाळी फोनवर सांगेन; तिला एकटीला पायऱ्या उतरवत नाहीत.

वकिलांच्या कागदावर मी सही करणार नाही. तुला हवी होती ती सही या कागदावर करते आहे, पूर्ण नावानं. हा कागद ग्राहक आयोगापुढं ठेवायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. विचारायला बोलावलं तर मी येईन आणि हेच सांगेन. माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल.

हे सगळं मी दुःखात रचते आहे असं वाटलं, तर दवाखान्यातून मिळालेला दादाचा शर्ट तू धुतलेला नाहीस, कपाटात ठेवला आहेस, तो बाहेर काढ. समोरून नीट बघ. रक्त आहे. काळी रेघ नाही.

त्या शर्टाला इस्त्री करून देणारी,
रत्नमाला अप्पाराव साळवे